करडाला पाजतात तेवढं कोमट

काल सकाळी दही लागलं नाही. झाकण काढलं तर भांड्यात रात्रीचं दूध तसंच होतं, वर सायीचा पातळ पापुद्रा, आणि भांडं कलतं केलं तसं सगळं एका बाजूला धावलं. दुधात घातलेलं विरजण तळाशी वेगळं बसून राहिलं होतं. म्हणजे थंडी आली. आमच्या भोरच्या घराच्या स्वयंपाकघराची खिडकी नदीच्या अंगाला आहे. खिडकीबाहेर धुकं इतकं दाट होतं की पलीकडचा काठ नव्हताच. मी ते न लागलेलं दही हातात घेऊन उभी राहिले, आणि बाहेरच्या खोलीतून आई म्हणाली, "दूध गार झाल्यावर इरजण लावलंस. मला हितनं कळतंय."

तिने पाहिलं नव्हतं. ती अंथरुणात बसून पायाला तेल लावत होती. भांड्यावरच्या झाकणाच्या आवाजावरून तिला कळलं, की माझ्या गप्प राहण्यावरून, ते मला अजून ठाऊक नाही.

भाताची झोडणी उरकली की आई आणि आबा थोडे दिवस आमच्याकडे राहायला येतात. येताना नाचणीचं पीठ, एका किटलीत दूध आणि फडक्यात बांधलेलं विरजणाचं बोळकं आणतात. मी भोरच्या एका शाळेत शिकवते. या वर्षी आणखी एका परीक्षेला बसले आहे. पास झाले तर कॉलेजात शिकवता येईल. थंडी, परीक्षा आणि विरजण अशी तिन्ही माझ्याकडे एकदमच येतात, आणि ती आली की मला तो एक हिवाळा आठवतो. त्याला आता बरीच वर्षं झाली.

आमची वाडी भाटघरच्या पाण्याच्या वरच्या अंगाला आहे. थंडीत पहाटे धरणातून वाफ उठते आणि वाडीवर चढते. तेव्हा गोठ्यातली म्हैसही दिसत नाही, तिच्या गळ्यातली घंटा तेवढी ऐकू येते. नव्या पेंढ्याचा गोडसर वास, ओल्या शेणाचा वास, आणि एकेका घरातून चुलीचा धूर. त्या धुरातून भाकरी थापल्याचा आवाज यायचा. वाडीत कोण उठलं, कोण नाही, हे त्या आवाजावरून कळायचं. शेवंताकाकूंचा हात जड होता, धप्‌धप्‌ वाजायचा. आईचा हात हलका आणि एका लयीतला. मी अंथरुणात डोळे मिटून पडलेली असायचे आणि तो आवाज थांबला की समजायचे, भाकरी तव्यावर गेली.

त्या वर्षी तो आवाज बंद झाला. झोडणीच्या शेवटच्या दिवशी आई पेंढ्याचा भारा घेऊन खळ्यावरून उतरताना घसरली आणि उजवं मनगट मोडलं. भोरच्या दवाखान्यात प्लास्टर झालं. कोपरापासून बोटांपर्यंत पांढरा हात गळ्यात अडकवून ती ओसरीवर बसली. आयुष्यात पहिल्यांदाच ती दिवसाढवळ्या नुसती बसली होती, आणि तिला ते जमत नव्हतं.

मी तेव्हा भोरच्या कॉलेजात बीएच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. आबा चौथीतून गुरांमागे गेले होते, आईला सही येत होती. त्या वर्षीची परीक्षा लांबत लांबत ऐन थंडीत आलेली. सकाळची एसटी उजाडताना सुटायची, ती चुकली की तो दिवस गेला. मी पहाटे उठून भाकरी, कालवण, धारा, दुधाचं बघू लागले आणि रोज एसटी चुकू लागली. मोठी बहीण सारोळ्याला दिलेली. ती नुकतीच बाळंत झाली होती, ती कुठून येणार?

मग आत्या आली. आबांची थोरली बहीण. आबा तिला आक्का म्हणत आणि थोडे घाबरूनही असत. ती चार दिवस राहिली, सगळं घर लख्ख केलं, आणि जायच्या आदल्या दिवशी जेवताना म्हणाली, "पोरीला घरी ठेव आता. भाकरी कुनी थापायची? पेपर पुढल्या वर्साला दिईल. पेपर काय पळून जातोय?"

आबा घास चावत राहिले. चावून झाल्यावर म्हणाले, "पेपर हितंच ऱ्हाईल गं आक्का. पोरगी कुठं ऱ्हानार हाय हितं?"

मी चुलीपाशी मान खाली घालून बसले होते. आबा काय म्हणत होते ते तिथल्या प्रत्येकाला कळलं. आमच्याकडे मुलीचं पुढलं वर्ष तिचं नसतं. ते कुठल्या तरी दुसऱ्या गावात, दुसऱ्यांच्या चुलीपुढे उजाडतं. माझ्याबरोबर बारावी झालेल्या वाडीतल्या दोघी 'पुढल्या वर्षी' म्हणून थांबल्या होत्या.

"मग खाशील काय?" आत्याने विचारलं.

"भाकरी."

"कुनाच्या हातची?"

आबांनी स्वतःचे हात एकदा तळव्याकडून, एकदा पाठीकडून बघितले. म्हणाले, "ह्या."

आत्या तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. "किसन्या, चुलीतलं लाकूड कदी सरकवलं न्हाईस तू."

"न्हाई सरकवलं. आता सरकवीन."

पहिली भाकरी मी पाहिली, कारण त्या दिवशीही माझी एसटी चुकली होती. आबा परातीपुढे मांडी घालून बसले, धोतर वर खोचलं, डोक्याचा फेटा काढून खुंटीला लावला. आई समोर भिंतीला टेकून. तिच्याकडे आता फक्त आवाज होता. आणि मला तेव्हा एक गोष्ट दिसली: आईला भाकरी सांगता येत नव्हती. तिने हजारो भाकरी केल्या होत्या, पण ती कधी शब्दांत केली नव्हती.

"पानी घ्या."

"किती?"

"लागंल तेवढं."

आबांनी तांब्या तसाच हातात धरला.

"आवो, गरम. लई गरम न्हाई. नाचनी हाय, गार पान्यानं तुटती." आई डाव्या हाताने हवेत काहीतरी मळत होती. "मऊ पायजे. पर सैल नगं. आपली... आपली असती तशी."

"कशावानी?"

तिचा डावा हात कानाशी गेला. मग म्हणाली, "कानाच्या पाळीगत."

आबांनी पिठाचा हात तसाच स्वतःच्या कानाला लावून बघितला. कान पांढरा झाला. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजी नव्या वासराच्या कानागत म्हन की. आंबोन खायला लागलेल्या न्हवं, दोन दिसांच्या."

आई जरा विचार करून म्हणाली, "व्हय. तसंच."

त्या एका वासराच्या कानावर आमच्या घराचा हिवाळा पार पडला. आबांना स्वयंपाकातलं काही कळत नव्हतं, पण जित्राबातलं सगळं कळत होतं, आणि आईने सांगितलेलं प्रत्येक माप ते गोठ्यात नेऊन परत आणायचे. भाकरी परातीत फिरवताना हात किती हलका? "कोकराच्या पाठीवरनं फिरवतो तसा?" "व्हय." तव्यावर टाकल्यावर वरून पाणी किती फिरवायचं? "म्हशीच्या नाकावानी वलं दिसलं पायजे?" आई हसून लोटपोट. पडल्यापासून ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली. प्लास्टरचा हात पोटाशी धरून हसली, आणि मधेच "आई गं" म्हणून कळवळली, आणि परत हसली.

भाकरी मात्र गोल झाली नाही. उचलताना अर्धी हातात आली, अर्धी परातीत राहिली. ती कुत्र्यानेही हुंगून सोडली. दुसरी तव्यापर्यंत पोचली आणि तिथे चिरली. तिसरी जळली. आबांनी जळलेली स्वतःच्या ताटात घेतली, दुधात चुरली आणि म्हणाले, "चव हाय."

पुढच्या दिवसांत मी एसटीत बसलेली असायचे तेव्हा आबा परातीपुढे असायचे. हे मला आता विचार करताना फार मोठं वाटतं. तेव्हा मी पुस्तकात डोकं घालून बसलेली असे. आबा दूध घालायला जात तिथे माणसं त्यांची वाट बघत. कोणीतरी म्हणायचं, "काय किसनदादा, आज मिशीला पीठ लागलंय."

आबा म्हणायचे, "लागंल की. तोंडाजवळच हाय, पुसून खातो."

"वैनींच्या बांगड्या बी घातल्या का?"

"बसत न्हाईत. तुज्या मापाच्या हायेत, घिऊन जा."

ही वाक्यं आबांनी घरी कधी सांगितली नाहीत. शेवंताकाकूंच्या मालकांनी सांगितली, हसत हसत, आणि सांगता सांगता म्हणाले, "आमी कुनी केलं नसतं पर."

भाकरीपेक्षा दह्याने आबांना जास्त दमवलं. भाकरी डोळ्यांसमोर बिघडते. दही रात्रभर झाकणाखाली काय करतं ते कोणाला दिसत नाही. आईचं विरजण तिच्या माहेरचं होतं. तिचं माहेर पालीचं, डोंगराच्या पलीकडचं, राजगडाच्या पायथ्याचं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीहून परत येताना तिने ते एका मातीच्या बोळक्यातून, एसटीत मांडीवर धरून आणलं होतं. तेव्हापासून ते आमच्या घरात रोज लागत होतं. म्हैस आटली की शेजारच्या दुधात लागायचं, सुतकात शेवंताकाकूंकडे जायचं आणि परत यायचं, पण तुटलं कधी नव्हतं. आई कधी माहेराबद्दल फार बोलत नसे. दही वाढताना मात्र "हे पालीचं" म्हणायची, जणू ते आत्ताच तिथून आलंय.

"दूध किती कोमट पायजे?" आबांनी विचारलं.

"करंगळी सोसंल इतकं."

आबांच्या करंगळीला न सोसण्यासारखं काहीच राहिलं नव्हतं. ती निखारा उचलायची. त्यांनी दोनदा दूध कढत ठेवलं, एकदा गार करून टाकलं. मग एकदा आई त्रासून म्हणाली, "आवो, करडाला पाजता न्हवं का बाटलीनं, शेळीला दूध नसलं की?"

"तसलं?"

"तसलंच."

"मग आदी सांगायचं की," आबा म्हणाले. त्यांनी दूध तापवलं, एक थेंब मनगटाच्या आतल्या बाजूवर टाकला, मान हलवली आणि विरजण लावलं. गाडगं घोंगडीत गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवलं. सकाळी गाडगं कलतं केलं. दही हललं नाही. वर एक तडाही नव्हता. आबांनी ते सगळ्यांना दाखवलं, म्हशीलाही दाखवलं असतं.

आणि मग त्यांनी ते घालवलं.

आमच्याकडे तिन्हीसांजेला कोणी विरजण मागत नाही, आणि सकाळी मागितलं तर कोणी नाही म्हणत नाही. माझ्या पहिल्या पेपरच्या आदल्या सकाळी शेवंताकाकू वाटी घेऊन आल्या. आई न्हाणीत होती, मी अभ्यासाला माळ्यावर. आबांना एवढंच माहीत होतं की विरजण द्यायचं असतं. ते चमचाभर द्यायचं असतं आणि त्याआधी घरापुरतं बाजूला काढायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, कारण हे बायकांना कोणी सांगत नाही आणि पुरुषांना लागत नाही. दारात आलेल्या बाईच्या वाटीत चमचाभर दही टाकणं त्यांना कद्रूपणा वाटला. त्यांनी बोळकंच तिच्या वाटीत पालथं केलं, बोटाने पुसून घेतलं आणि मोकळं बोळकं धुऊन उन्हात ठेवलं. बाकीच्या दह्याचं ताक आधीच करून झालं होतं.

आईने ते उन्हातलं बोळकं पाहिलं. ती रागावली नाही. खाली बसली. "पालीचं व्हतं," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "उद्या पोरीच्या हातावर काय घालू?"

आमच्याकडे कोणी कामाला, प्रवासाला, परीक्षेला निघालं की उजव्या हातावर दही-साखर देतात. दही काय, कुठलंही मिळालं असतं. पण आईने त्या पेपरसाठी माझ्यासारखाच हिवाळा काढला होता. हात मोडलेला, चूल नवऱ्याच्या हातात, नणंदेचं बोलणं कानात. त्या सगळ्यात तिच्या स्वतःच्या हातून मला द्यायचं म्हणून एवढंच उरलं होतं. काकूंकडे परत मागायचा प्रश्नच नव्हता. दिलेलं विरजण मागत नाहीत. त्या संध्याकाळच्या भाकऱ्या मात्र मला आठवतात, इतक्या चांगल्या आबांनी कधी केल्या नव्हत्या. प्रत्येकीला पदर सुटला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी पिशवी घेऊन निघणार, तेवढ्यात धुक्यातून काकूंचा आवाज आला. "पोरगी गेली का गं?" त्या ओसरीवर चढल्या, पदराखाली वाटी. वाटी रिकामी परत करायची नसते, म्हणून त्यांनी दही घालून आणली होती. "भावजी, काल वाटीभर इरजण दिलंत. घरात माणसं चार, दुधाचा तांब्या एक. एवढं घालून काय झालं असंल? दगड झालाय दह्याचा. सुरीनं कापावा लागंल." आणि आईकडे वळून हळूच म्हणाल्या, "पालीचंच हाय. माज्याकडं दुसरं कुठनं येनार? तुज्याच घरचं न्हेत आलोय समद्या."

आईने डाव्या हाताने ते दही माझ्या हातावर घातलं. खरंच घट्ट होतं आणि थोडं आंबट. एसटीत बसल्यावरही तळहाताला त्याचा वास येत होता. पेपर लिहितानाही असावा.

परीक्षा चालू असतानाच आत्या परत बघायला आली. आबांनी तिला वाढलं. ती भाकरी हातात घेऊन उलटसुलट करून बघत राहिली, पापुद्रा उचलून पाहिला, मग जेवली. एक भाकरी संपल्यावर म्हणाली, "चतकोर वाढ." तो खाऊन झाल्यावर म्हणाली, "पिठलं खारट झालंय." पिठलं मी केलं होतं.

निकालाच्या दिवशी मी भोरहून आले तेव्हा आबा परातीपुढेच होते. आईचं प्लास्टर निघून बरेच दिवस झाले होते, पण मनगट वळत नव्हतं, ते पुढेही कधी नीट वळलं नाही. त्यामुळे आबा थापत आणि आई भाजत असे. आजही आमच्या घरी भाकरी चार हातांनी होते. मी उंबऱ्यातून म्हणाले, "पास झाले." आबांनी हात वर केला आणि हाताला पीठ आहे म्हणून तसाच अधांतरी ठेवला. मी वाकले. "लागू द्या," म्हटलं. माझ्या केसांतून दुसऱ्या दिवशी विंचरतानाही नाचणीचं पीठ पडलं.

आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "घरातली दोघं पास झाली."

मी आता वर्गात मुलांना शिकवते. कधी एखादी गोष्ट मला पक्की माहीत असते आणि तरी मुलांपर्यंत पोचत नाही. तेव्हा मला ती दोघं आठवतात, एकाकडे आवाज, एकाकडे हात, आणि मधे वासराचा कान. मुलाच्या गोठ्यात काय आहे ते आधी शोधावं लागतं. मी शिक्षक होण्याचं शिक्षण पुढे रीतसर घेतलं. पण आपल्याला येतं ते दुसऱ्याला त्याच्या भाषेत द्यायचं असतं, हे मला आमच्या चुलीपुढेच दिसलं होतं.

तर काल दही लागलं नाही. मी वैतागले, कारण रविवारी परीक्षा, डोक्यात पन्नास गोष्टी. आबा उठून स्वयंपाकघरात आले. "तू वाच," म्हणाले. त्यांनी परात ओढली. पण आता त्यांच्या बोटांची पेरं थंडीत सुजतात. पीठ मळताना ते थांबत होते, हात झटकत होते, आणि मी बघतेय हे बघून परत मळत होते. माझे यजमान टेम्पो घेऊन निघायच्या तयारीत होते. त्यांनी चावी खिडकीत ठेवली, बाह्या वर केल्या आणि आबांच्या शेजारी बसले. "सरका आबा. मला सांगा."

आमचे हे भोरात वाढलेले. त्यांच्या घरी गोठा नव्हता, शेळी नव्हती. भाकरीचं कसंबसं जमलं, नकाशासारखी झाली. आबांनी ती मोठ्या मानाने स्वतःच्या ताटात घेतली. संध्याकाळी विरजण लावताना मात्र अडलं.

"दूध करडाला पाजतात तेवढं कोमट पायजे, जावईबापू."

"मी कधी करडाला पाजलं नाही, आबा."

बाहेरून आई म्हणाली, "करंगळी सोसंल इतकं." यांनी करंगळी बुडवली, पण त्यांनाही काही कळेना. टेम्पोच्या इंजिनात हात घालणारा माणूस. पलीकडे आमची लेक चिमी जमिनीवर बसून डबे वाजवत होती. हे तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चमच्याने दुधाचा एक थेंब मनगटाच्या आतल्या बाजूवर टाकला.

"चिमीची बाटली बघायचो तसलं?"

"व्हय," आबा म्हणाले. "तसलंच."

भांडं घोंगडीत गुंडाळून ठेवलं. आमच्याकडे चूल नाही, म्हणून ते तांदळाच्या डब्याच्या आड, उबेला.

आज रविवार. खिडकीबाहेर नदी नव्हती, नुसतं धुकं. यांनी झाकण काढलं, भांडं कलतं केलं आणि आबांना दाखवलं. हललं नाही. आबांनी मान डोलावली आणि बाजूला झाले. यांनी चमचा घेतला, माझ्या तळहातावर दही घातलं, वर साखर. मग खूश होऊन चिमीच्या वाटीत घातलं, आबांच्या वाटीत घातलं, परत माझ्याकडे वळले, आणि भांड्याचं बूड दिसायला लागलं.

बाहेरच्या खोलीतून आई म्हणाली, "जावईबापू, समदं वाढू नका. इरजणाला ठेवा."

आबा खाली बघून हसायला लागले.